विषय: आजोबांच्या कागदांच्या स्कॅन न झालेल्या मागच्या बाजू आणि मोडलेला क्रम

प्रति,
व्यवस्थापक, डिजिटायझेशन विभाग

आज सकाळी तुमच्या ग्राहक सेवेशी सहाव्यांदा बोलले. आता फोन नको, लेखी उत्तर द्या.

आजोबा पुण्यात वकिली करत, एका शिक्षण संस्थेचे विश्वस्त होते आणि बॅरिस्टर जयकर पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू असताना विद्यापीठाच्या एका मंडळावर होते. जयकरांचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आजोबांचे सांभाळायला फक्त आम्ही आहोत. त्यांचे अकरा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, तुमच्याकडे दिले, ते ‘आर्काइव्ह पॅकेज’ घेऊन. दोन्ही बाजू, मूळ क्रम, ६०० डीपीआय इतकं बारीक स्कॅन, टिफ प्रकारची फाइल. दरपत्रक तुमचंच आहे.

परत काय आलं? फिती कापलेल्या. फुलस्केप एका गठ्ठ्यात, पोस्टकार्डं दुसऱ्यात, पावत्या तिसऱ्यात. दाव्याची कैफियत आणि त्याच दाव्यातलं अशिलाचं पत्र आता एकमेकांपासून दोन खोकी लांब. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा हे रुमाल पाण्यात होते. आजीने एकेक कागद गच्चीत वाळवला, आजोबांनी आठवून आठवून होता तसा पुन्हा बांधला. पुरानंतरही लागलेला तो क्रम तुमच्या टेबलावर मोडला.

आणि मागच्या बाजू! विद्यापीठाच्या त्या मंडळाच्या एका ठरावाची कार्बन प्रत आहे, जांभळी, खालचा कोपरा पुराच्या डागाने तपकिरी. पुढे टंकलिखित इंग्रजी. मागे आजोबांनी मोडीत लिहिलंय, कुणी विरोध केला, आपण काय बोललो. माझ्यासाठी कागद म्हणजे ती मागची बाजू. तुमच्या फाइलमध्ये ती नाही. एकाही कागदाची नाही.

हे सांगितल्यावर तुमचे प्रतिनिधी म्हणाले, “मॅडम, मागे नुसत्या रेघोट्या होत्या, ऑपरेटरने ब्लँक धरलं.”
मी म्हटलं, “रेघोट्या नाहीत, मोडी आहे.”
“मोडलेलं असेल तर मशीन घेत नाही, मॅडम.”
मोडी ही लिपी आहे, शेकडो वर्षं मराठी कारभार तिच्यात चालला, हे मी शांतपणे सांगितलं. त्यावर, “ओरिजिनल तुमच्याकडेच आहेत ना? नवीन ऑर्डर टाका, दहा टक्के सूट देतो. नाहीतर असे कागद लोक रद्दीतच घालतात.”

रद्दी! मी फोन ठेवला तेव्हा हात थरथरत होते. जुने दस्तऐवज सांभाळतो म्हणून जाहिरात करणाऱ्यांकडे मोडी ओळखणारा एक माणूस नसावा? तुमच्यावर विश्वास टाकून मी घरातली ही एकमेव ठेव बाहेर दिली होती.

कागद ताब्यात घेताना तुम्ही प्रत्येक रुमालाचे फोटो काढता. ते सगळे पाठवा, क्रम मी स्वतः लावेन. रुमालांची कापडं आणि त्यांवरच्या आजोबांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या परत हव्यात. त्यांचं काय झालं, हे सहा फोनांत कुणी सांगितलेलं नाही. आणि मागच्या बाजूंचं स्कॅनिंग आमच्या घरी, माझ्यासमोर, विनामूल्य करा. कागद पुन्हा तुमच्याकडे पाठवणार नाही.

पंधरा दिवसांत हे झालं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे जाईन. दरपत्रक, पावती, सहाही फोनांच्या तारखा लिहून ठेवल्या आहेत.

पंधराच दिवस देते आहे, कारण घरात मोडी वाचता येणारे आता फक्त काका उरलेत. ते ८६ वर्षांचे आहेत आणि रोज विचारतात, पानं आली का?

आपली ग्राहक