सिद्दी मुलांना केवळ धावपटू ठरवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तालुका क्रीडास्पर्धांच्या बातम्यांत सिद्दी मुलांचा उल्लेख आला की 'रक्तातच वेग', 'आफ्रिकन अंगकाठी' असे शब्द सर्रास वापरले जातात. हेतू कौतुकाचाच असतो. पण कर्नाटकातल्या खानापूर (जि. बेळगाव), हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड (जि. उत्तर कन्नड) या पट्ट्यातल्या शाळांत काम करताना या कौतुकाची दुसरी बाजू आम्हाला दिसते, म्हणून हे पत्र.

सिद्दींचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतले. त्यातले बरेच जण पोर्तुगीजांच्या गोव्यात गुलाम म्हणून आणले गेले. त्याला काही शतके लोटली. आज घरात कोकणी, मराठी, कन्नड मिसळून बोलणाऱ्या मुलाला बसस्टँडवर कुणीतरी 'कौन से देश से आया?' असे विचारतो. मुलाने मराठीत उत्तर दिले की आजूबाजूचे हसतात. असे दोन-चारदा झाले की मूल बोलणेच टाळते, घोळक्यात मागे राहते. मग आपणच म्हणतो, ही जंगलातली मुले, बुजरीच असायची.

1980च्या दशकात भारतीय क्रीडा प्राधिकरणाने विशेष क्षेत्र क्रीडा योजनेत सिद्दी मुलामुलींची निवड केली. चांगले खेळाडू तयार झाले, पुढे सिद्दींसाठीचा हा उपक्रम गुंडाळला गेला, पण 'ही मुले खेळातच चमकायची' ही समजूत मागे उरली. नववीत गणितात गुण कमी पडले तर इतर मुलांच्या पालकांना शाळेत बोलावतात. सिद्दी मुलाला मात्र 'तुझं काय, स्पोर्ट्स कोट्यातून लागशील' असे सांगितले जाते. मूल मनाशी हिशेब करते: जीव तोडून अभ्यास केला आणि तरी जमले नाही, तर लोकांचे म्हणणे खरे ठरेल, त्यापेक्षा अभ्यासात जीव न घातलेला बरा. बाहेरून हा आळस वाटतो.

1995 मध्ये अमेरिकेत क्लॉड स्टील आणि जोशुआ अ‍ॅरन्सन यांनी दाखवले, की 'ही बुद्धीची चाचणी आहे' असे सांगितल्यावर कृष्णवर्णीय विद्यार्थी मागे पडतात. तेच प्रश्न साधा सराव म्हणून दिले की फरक बराच कमी होतो. उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी दिली, तेव्हा जात जाहीर न करता दलित मुले सवर्णांच्या बरोबरीने होती. जात सर्वांसमक्ष पुकारताच ती घसरली. पुढच्या मोठ्या संशोधनांत असा परिणाम पुष्कळदा कमी भरला आहे, आणि शाळेचे अंतर, गरिबी, शिक्षणाचे माध्यम ही कारणेही आहेतच. पण वर्गात खुणा ओळखता येतात. निम्मे लक्ष 'लोक काय म्हणतील' याकडे असले की हातचा विसरतो, शाब्दिक उदाहरण तीनदा वाचावे लागते, शेवटचे प्रश्न राहून जातात. तीच उदाहरणे घाई न करता एकट्याने सोडवायला द्या. तेव्हा बरोबर आली, तर अडचण गणिताची नाही.

सिद्दींना उत्तर कन्नड जिल्ह्यात 2003 मध्ये आणि बेळगाव, धारवाड जिल्ह्यांत 2020 मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्यामुळे शिष्यवृत्तीचे अर्ज आता आपल्या शाळांतही भरले जातात. ते भर वर्गात नावे पुकारून, त्यातही परीक्षेच्या दिवशी, मुळीच भरून घेऊ नयेत. पालकांना ऑफिसात बोलवावे. पीटीच्या सरांनी रंग बघून निवड करू नये, सगळ्या वर्गाची शंभर मीटरची वेळ घ्यावी आणि सरावासाठी गणिताचा तास बुडवू नये. पेपर परत देताना 'ठीक आहे, एवढं पुरे' असे म्हणू नये. कुठल्या पायरीवर चुकले ते दाखवून, तेच उदाहरण पुन्हा करून आणायला सांगावे. कुणी केसांना हात लावून खिदळले, तर 'मनावर घेऊ नको' अशी सिद्दी मुलाची समजूत घालण्याआधी हात लावणाऱ्याला थांबवावे. हे शेवटचे सर्वात कमी होते आणि सर्वात जास्त बोचते.

आपल्या वार्ताहरांनाही विनंती. धावण्याची बातमी देताना वेळ किती लागली, सराव किती महिन्यांचा, प्रशिक्षक कोण, हे छापावे. सिद्दी समाजातले शांताराम सिद्दी 2020 मध्ये कर्नाटक विधान परिषदेवर नियुक्त झाले. याच समाजातले शिक्षक, नर्स, शेतकरी यांच्याकडेही वार्ताहर पाठवावा, आणि एसएसएलसीच्या (दहावीच्या) निकालादिवशीही आमच्या शाळांना फोन करावा.

– शालेय समुपदेशक व शिक्षक,
खानापूर तालुका