सुट्टीत महिनाभर उभ्या राहणाऱ्या गाड्यांबाबत
सभासदहो, मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांपर्यंत चढतो आणि उन्हाने उभ्या गाडीची बॅटरी लवकर उतरते. गावी जाण्याआधी १० नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, टोकाला कोरडं फडकं गुंडाळा, नाहीतर ती परत टेकते. मग रिमोट चालणार नाही, दार चावीनेच लावा.

हँडब्रेक ओढून ठेवू नका, ब्रेकचे लायनर (घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) चाकातल्या ड्रमला चिकटतात. पहिला गिअर टाका, चाकांना दोन्ही बाजूंनी विटा लावा. टायर गार असताना नेहमीपेक्षा ३-४ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा जास्त भरा.

आणि कृपा करून डिकी झाडून घ्या! कडक भाकरीचा चुरा, शेंगा चटणीची फुटकी पुडी राहिली की उंदीर येतात, मग वायरिंग कुरतडतात.