‘गेले ते गेले’ म्हणू नकोस

सिंहगड रस्ता, पुणे
रविवार, सकाळी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

टपालाची वाट बघण्याइतका वेळ नाही, म्हणून हे मेलवर पाठवतोय. लेकीसाठी ऑनलाइन मागवलेला लॅपटॉप घरी आलाच नाही आणि कंपनी मात्र ‘पार्सल दिलं’ म्हणते, हे सगळं सांगून काल रात्री फोन ठेवताना तू म्हणालास, “जाऊ दे, गेले ते गेले.” त्यानंतर मला झोप लागली नाही. त्या लॅपटॉपसाठी वहिनींनी भिशीचे पैसे लावलेत, हे मला ठाऊक आहे. आणि त्याहून जास्त लागलं ते तुझं पुढचं वाक्य: “हीच आत टीव्ही लावून बसली असेल, बेल ऐकू आली नसेल.” अरे, असं नको बोलूस. मी नेमकी हीच चूक केली होती. तुला ते कधी सांगितलं नाही, आज सांगतो.

दोन वर्षांपूर्वी अण्णांसाठी श्रवणयंत्र मागवलं होतं. किंमत 38 हजार. बेल वाजली तर आपल्याला कळायची नाही, म्हणून त्या दिवशी अण्णा जेवण झाल्यापासून दार उघडं ठेवून उंबऱ्यापाशी खुर्ची टाकून बसले होते. मी ऑफिसात. दुपारी 4 वाजून 12 मिनिटांनी मोबाइलवर मेसेज आला: पार्सल पोहोचलं, घेणारा ‘स्वतः’. संध्याकाळी घरी आलो तर अण्णा अजून खुर्चीतच. कुणी आलंच नाही म्हणाले. आणि मी काय बोललो असेन? “अण्णा, डुलकी लागली असेल तुम्हाला. आठवून बघा, कुणाच्या हातून घेऊन कुठं ठेवलंत का?” त्या माणसानं रात्री अकरापर्यंत स्वतःचं कपाट उपसलं. गाद्यांखाली बघितलं. दुसऱ्या दिवशी मला हळूच म्हणाले, “मला हल्ली काही लक्षात राहत नाही का रे?” हे आठवलं की आजही पोटात कालवतं.

सोडवलं ते आमच्या गेटवरच्या वॉचमन मामांनी. त्यांच्या वहीत आलेल्या प्रत्येक डिलिव्हरीवाल्याची वेळ आणि फ्लॅट नंबर असतो. 3 ते 5 मध्ये आमच्या फ्लॅटसाठी एकही नोंद नव्हती. सेक्रेटरींकडे लेखी अर्ज देऊन सीसीटीव्ही बघितला, त्यातही कुणी नाही. म्हणजे माणूस गेटच्या आत आलाच नव्हता आणि कंपनीच्या नोंदीत मात्र ‘पोहोचलं’ पडलं होतं. तुला सीसीटीव्हीचं कालच सांगितलं, पण पुन्हा सांगतो: यंत्रात जागा भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. बऱ्याच सोसायट्यांत पंधरा दिवससुद्धा टिकत नाही. आज रविवार आहे, सेक्रेटरी घरी भेटतील. आजच जा.

आता कंपनीचं. तू तीनदा फोन केलास आणि तीनदा ‘आमच्या नोंदीनुसार पार्सल दिलेलं आहे’ हे ऐकलंस. मीही ऐकलं. फोनवर बोललेलं हवेत जातं, म्हणून यापुढं सगळं मेलवर. त्यात एकच गोष्ट माग: पार्सल दिल्याचा पुरावा. सही कुणाची, फोटो कुठल्या दाराचा, ओटीपी घेतला का, नोंद टाकली तेव्हा डिलिव्हरीवाल्याचं लोकेशन काय. मला त्यांनी अखेर जो फोटो पाठवला त्यात दारावर पितळी कडी होती. आमच्या दाराला कडीच नाही.

साध्या ग्राहक सेवेवर थांबू नकोस. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे प्रत्येक ऑनलाइन विक्रीच्या कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव, संपर्क साइटवर द्यावा लागतो. ते पानाच्या अगदी तळाशी असतं, शोध. त्यानं 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. माझा मेल त्या अधिकाऱ्याकडे गेला आणि पत्रांचा सूरच बदलला. जोडीला 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदव. मराठीत बोलता येतं.

एवढ्यानं नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. वकीलच लागतो असं नाही, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य. कंपनीचं ऑफिस बंगळूरला असलं म्हणून तुला तिकडं जायचं कारण नाही. 2019 च्या कायद्यानं आपण राहतो तिथंच तक्रार करता येते, म्हणजे तुझी नाशिकलाच होईल. मुदत दोन वर्षांची. पैसे घेतले आणि वस्तू हातात दिली नाही, याला कायदा ‘सेवेतील त्रुटी’ म्हणतो. तू कुणाकडे मेहेरबानी मागत नाहीयेस.

एक मात्र फार जपून. ग्राहक सेवेचा नंबर गुगलवर शोधू नकोस, त्यांच्या अ‍ॅपमधूनच घे. आमचं पार्सल हरवल्याच्या तिसऱ्या दिवशी मला एक फोन आला होता: “तुमचं पार्सल पत्त्याअभावी परत आलंय, लिंकवर पाच रुपये भरा.” मी इतका आसुसलेलो होतो की लिंक उघडलीसुद्धा. हिनं हातातून मोबाइल काढून घेतला म्हणून वाचलो. कुणी *401* लावून पुढं एखादा नंबर डायल करायला सांगितलं तर अजिबात करू नकोस. त्यानं आपले कॉल त्याच्याकडे वळतात आणि फोनवरून सांगितले जाणारे ओटीपीही त्यालाच मिळतात. चुकून पैसे गेलेच तर लगेच 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन कर.

आमचे पैसे एकोणिसाव्या दिवशी परत आले. पार्सल कुठं गेलं ते कधीच कळलं नाही. डिलिव्हरीच्या पोरानं घाईत चुकीच्या दारात टाकलं की वाटेतच कुणी काढलं, कुणास ठाऊक. त्या पोरावर मी तक्रारीत आरोप केला नाही, पुरावा नव्हता. तूही करू नकोस. जे घडलं तेवढंच लिही: वस्तू मिळाली नाही.

पैसे आले त्या संध्याकाळी मी अण्णांना वही दाखवली, फोटो दाखवला, म्हटलं, “तुमचं बरोबर होतं, कुणी आलंच नव्हतं.” त्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरून दोनदा बघितला. मग कडीवर बोट ठेवून म्हणाले, “बघ, हे आपलं दारच नाही.”

तू आज आधी वहिनींशी बोल. सेक्रेटरींकडे नंतर. ऑर्डरची पावती आणि पार्सल दिल्याचा तो मेसेज मला पाठव, रात्री दोघं मिळून मेलचा मसुदा करू. लेकीला सांग, कॉलेज सुरू होईपर्यंत माझा जुना लॅपटॉप घेऊन जा, तसाही पडूनच आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
पुण्याचा मित्र