काका, बाबांच्या कार्डासाठी मनापासून थँक्यू

काका, समोर बसून बोलायला आले असते तर तुम्ही "अगं त्यात काय" म्हणून विषयच बदलला असता, म्हणून लिहितेय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण हाताने कार्ड बनवणारे जे कोणी आहेत त्यांना पण तुम्ही मला शिकवलेलं कळायला हवं असं वाटतं.

झालं असं की बाबांच्या ७०व्या वाढदिवसाला मला जुन्या पत्रासारखं दिसणारं कार्ड करायचं होतं, आत त्यांचा कॉलेजातला फोटो आणि आईच्या अक्षरातल्या चार ओळी. डिस्ट्रेस्ड लुक (मुद्दाम जुनं, वापरलेलं दिसेल असं करणं) म्हणजे कागद चहात बुडवायचा, कडा जाळायच्या, वरून ब्राऊन शाई फासायची एवढंच मला माहीत होतं. तीन वेळा केलं आणि तिन्ही वेळा कागद जुना न दिसता नुसता मळका दिसला. वर आईच्या अक्षराची जी प्रिंट काढली होती ती चहात पसरली, अक्षरं पार निळसर ढग झाली, वाढदिवस आठ दिवसांवर आणि मला रडू यायला लागलं होतं. तेव्हा कोणीतरी सांगितलं की वरच्या मजल्यावरच्या काकांनी आयुष्यभर बाइंडिंगचं काम केलंय, त्यांना विचार.

तुम्ही माझी तिन्ही कार्डं हातात घेतली, उलटीपालटी केली, चांगली का वाईट काहीच बोलला नाहीत. आत गेलात आणि एका जुन्या वहीचा सुटलेला पुठ्ठा आणून माझ्या हातात दिलात. म्हणालात, "उघड, मिट, परत उघड. हात कुठे लागला ते बघ." उजवीकडे खाली अंगठा लागत होता आणि बरोब्बर तिथेच कापड काळवंडलं होतं. कोपरे गोल झाले होते, पाठीवरची घडी तडकली होती, आणि मधला भाग जवळजवळ नवा होता! मी मात्र सगळीकडे सारखाच रंग फासला होता. काका, ती पाच मिनिटं मी कधी विसरणार नाही. त्यानंतर कुठलंही जुनं पाकीट, जुना नकाशा दिसला की आधी मी ते कुठे झिजलंय ते बघते.

कडा जाळायला तुम्ही सरळ नाही म्हणालात. जळलेली कड अपघात सांगते, वय नाही सांगत. मला ते तेव्हा जरा कडक वाटलं होतं पण आता स्वतःच कुणी विचारलं तर हेच सांगते.

मग प्रिंटचं. इंकजेटची शाई पाण्यात फुटते, लेझर प्रिंटमधली टोनरची पावडर उष्णतेने कागदावर बसलेली असते म्हणून ती टिकते, एवढं साधं होतं, पण ते कोणी सांगेपर्यंत माझे किती कागद गेले. लेझर प्रिंट काढून आणली, दोन कप गरम पाण्यात पाच टी बॅग टाकून चहा चांगला काळा होऊ दिला, गार केला, आणि मग तुम्ही सांगितलंत तसं कागद आधी बोळा करून उलगडला. बोळा केल्यावर जिथे चुण्या पडतात तिथे कागदाचा वरचा थर मोडतो आणि रंग तिथे जास्त आत शिरतो, त्यामुळे त्या बारीक गडद रेघा आपोआप येतात, ब्रशने काढायला गेलं तर कधीच तशा येत नाहीत. वाळवताना मी ड्रायर मारत होते तर तुम्ही माझा हात धरलात, "पडू दे सपाट, घाई कशाला." रात्रभर ठेवला, सकाळी दोन जाड पुस्तकांखाली.

बाहेरचं कार्ड २५० जीएसएमचं, म्हणजे चांगल्या जाड कागदाचं घेतलं होतं. ते तुम्ही दोन्ही बाजूंनी हलकं वाकवून बघितलंत, एका बाजूने सहज वाकलं, दुसरीकडून अडलं. कागदाचे तंतू ज्या दिशेने जातात त्याच दिशेने घडी घालायची, आडवी घातली की तडकते. मला आयडिया आवडली म्हणून पाठीवर मुद्दाम आडवी घडी घालू का विचारलं तर तुम्ही हसलात, म्हणालात दिसेल छान पण दहा वेळा उघडलं की हातात दोन तुकडे येतील. मग घडी तंतूंच्या दिशेनेच घातली आणि तिच्यावरून आणि अंगठा लागतो त्या कडेवरून २२० नंबरचा, म्हणजे बारीक सँडपेपर हलकेच फिरवला. तेव्हाच कळलं की ज्या कार्डस्टॉकचा (कार्डाच्या जाड कागदाचा) फक्त वरचा थर रंगीत असतो आणि आत पांढरं असतं ते घासलं की झिजल्यासारखं दिसतं, जे आरपार एकाच रंगाचं असतं त्यावर कितीही घासा, विशेष फरक दिसत नाही. आणि घासायचं आतून बाहेर, एकाच दिशेने, मागेपुढे केलं की कड फाटते.

पण खरे आभार मला फोटोसाठी मानायचेत. बाबांचा तो फोटो एकच आहे, त्याची दुसरी कॉपी नाही, निगेटिव्ह नाही, आणि मी तो ओरिजिनल कार्डात चिकटवणार होते, खाली वर्तमानपत्राचा तुकडा लावून, कारण पिवळा पेपर मस्त दिसतो. तुम्ही फोटो माझ्या हातातून काढूनच घेतलात. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन (लाकडातला एक घटक) असतं, उजेड आणि हवा लागली की ते पिवळं पडतं, त्यातून आम्ल तयार होतं आणि शेजारच्या कागदाला, फोटोलाही लागतं, चहात भिजवलेला कागदही त्याच्याजवळ नको. मी गंजलेल्या खिळ्यांचं पाणी शिंपडून काळे डाग पण पाडणार होते (चहातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की करडा-काळा रंग येतो). तेव्हा तुम्ही सांगितलंत की जुन्या काळी शाई अशीच व्हायची, आयर्न गॉल इंक, आणि ती कागद खाते, अक्षरांच्या जागी भोकं पडलेली पानं तुम्ही स्वतः दुरुस्त केलीयेत. मी गप्पच झाले. फोटो स्कॅन केला, कार्डात त्याची प्रिंट लावली, ओरिजिनल आता ॲसिड-फ्री पाकिटात अंधाऱ्या कपाटात आहे. तुम्ही नसतात तर मी तो फोटो माझ्या हातानेच खराब केला असता काका, या विचाराने अजून कसंतरी होतं.

बाबांनी कार्ड घेतलं आणि उघडायला अंगठा नेमका त्या घासलेल्या जागी ठेवला. मी बघत होते. आईचं अक्षर वाचून बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं हे पत्र कुठे सापडलं तुला.

तुमची घडी दाबायची हाडाची पट्टी अजून माझ्याकडेच आहे, रविवारी आणून देते. सोबत नवीन दोन कार्डं पण आणते. क्रॅकल, म्हणजे रंगाला जुन्यासारख्या भेगा पाडणं, करून बघितलंय, खाली ब्राऊन ॲक्रेलिक, वर फेविकॉलचा थर आणि तो चिकट असतानाच क्रीम रंग, एकावर छान भेगा आल्यात, दुसऱ्यावर अगदीच बारीक आल्यात. बहुतेक फेविकॉल पातळ लागलंय, पण तुम्ही बघून सांगा.