ताईंचा निरोप आणि 'अजातशत्रू' हा शब्द

प्रिय दोस्ता,

पत्राला फार उशीर झाला. त्याबद्दल भेटशील तेव्हा हवं तेवढं बोल, ऐकून घेईन. इकडे सगळ्यांच्या तब्येती ठीक. गुडघ्याचं आपलं जुनंच.

आज लिहायला बसलो ते ताईंमुळे. त्यांनी विश्वस्तपदाचा राजीनामा दिला. दोन ओळींचा, तारीख घालून, आणि देताना पोच मागून घेतली. पोच मागितली नसती तर आम्ही सही तपासून पाहिली असती! मंडळाने सत्काराचं ठरवलंय. मानपत्राचा मसुदा माझ्याकडे आला आहे आणि त्यात तिसऱ्याच ओळीत ताईंना 'अजातशत्रू' म्हटलंय. हे वाचून काय वाटलं, ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

प्रोसिडिंगच्या, म्हणजे सभांच्या इतिवृत्ताच्या, वह्या तू पाहिल्या आहेस. सभागृह दीर्घ भाडेपट्ट्याने द्यायचा ठराव आठव. सूचक-अनुमोदकांची नावंसुद्धा लिहून झाली होती. ताई एकट्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, सार्वजनिक न्यासाची इमारत किंवा बिगरशेती जमीन 3 वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने द्यायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. आधी देऊ आणि मग परवानगी घेऊ, असं एरवी चालत नाही. त्यांचा विरोध इतिवृत्तात नोंदवावा की नाही यावरून तू आणि मी किती भांडलो! तू म्हणालास, 'सर्वानुमते' लिहिलं की संस्था एकसंध दिसते. मला ते तेव्हाही पटलं नाही, आज तर मुळीच नाही. नाव घालून नोंदवलेला विरोध पुढे चौकशी झाली तर त्या विश्वस्ताला उपयोगी पडतो, आणि संस्थेलाही कळतं की प्रश्न कुठे होता. आपण तेव्हा 'सर्वानुमते' लिहिलं असतं तर आज ताईंच्या मानपत्रात घालायला विशेषणांशिवाय काही उरलंच नसतं.

म्हणून मसुदा नव्याने लिहायचा असं ठरवलंय. आधी सगळ्या वह्या काढायच्या. 'विरोध', 'फेरविचार', 'पुढील सभेपर्यंत स्थगित' हे शब्द जिथे येतात ती पानं खुणावायची. त्यातले तीनच प्रसंग घ्यायचे. प्रत्येकाला सभेची तारीख, विषय, ताईंचं म्हणणं इतिवृत्तात आहे त्याच शब्दांत, आणि त्यातून पुढे काय झालं, एवढंच. एकूण 200 ते 250 शब्द. सावकाश वाचलं तर दोन मिनिटांच्या आसपास बसतं. याहून लांब मानपत्र वाचणारा घाई करतो, आणि नेमकी तारखांची वाक्यं गिळतो. छपाईला देण्याआधी फक्त तारखा आणि तपशील ताईंना दाखवायचे. अख्खा मजकूर दाखवला तर त्या अर्धा खोडतील, आणि त्या जे खोडतील तेच आपल्याला हवं आहे. नाव मात्र त्यांच्या राजीनाम्यावरच्या सहीशी ताडून घ्यायचं. फ्रेम झाल्यावर ऱ्हस्वदीर्घाची चूक सापडली तर ती ताईंच्या नजरेतून सुटणार नाही.

'निस्वार्थ', 'झोकून दिलेले', 'आधारवड' सगळं काढणार आहे. एका चांगल्या नोंदीशेजारी विशेषण ठेवलं की नोंद फिकी पडते.

पण मानपत्रापेक्षा मोठी काळजी वेगळीच आहे. मंडळाला सत्कार वर्धापनदिनाला करायचा आहे आणि तोवर बाकीचं सावकाश होईल असं सगळे धरून चालले आहेत. पण विश्वस्तांत बदल झाल्यापासून 90 दिवसांत त्याच कायद्याच्या कलम 22 खाली धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, दाखल व्हावा लागतो. हे दिवस सत्काराच्या तारखेपासून मोजत नाहीत. उशीर झाला तर विलंबमाफीचा वेगळा अर्ज, त्याला सबळ कारण, आणि 'आम्ही वर्धापनदिनाची वाट पाहत होतो' हे काही कारण नव्हे. पीटीआरच्या, म्हणजे सार्वजनिक न्यासांच्या सरकारी नोंदवहीच्या, उताऱ्यावर ताईंचं नाव जोवर आहे तोवर नोटीस त्यांच्याही नावाने निघू शकते. म्हणजे शाल पांघरायची आणि जबाबदारीही तशीच पांघरून ठेवायची. माणसाला निरोप द्यायचा तर तो कागदावर आधी द्यावा, समारंभ मागाहून होऊ दे.

चेंज रिपोर्ट कुठे अडकतो हे तुला ठाऊक आहे, तरी नव्या चिटणिसांसाठी तूच दोन शब्द लिहून दे, तुझं ते ऐकतात. सभेची सूचना घटनेत सांगितलेल्या दिवसांआधी निघाली पाहिजे आणि प्रत्येक विश्वस्ताला मिळाल्याचा पुरावा हवा, पोचवहीतली सही किंवा टपालाची पावती. विषयपत्रिकेत 'राजीनामा स्वीकारणे व रिक्त पदावर निवड' हा विषय स्वतंत्र असला पाहिजे. तो आयत्या वेळच्या विषयांत उरकला की कुणीही हरकत घेऊ शकतो. गणपूर्ती हजेरीपटावरून दिसली पाहिजे. अर्जासोबत राजीनाम्याची आणि ठरावाची प्रत, येणाऱ्या विश्वस्ताचं संमतिपत्र, आणि जाणाऱ्या विश्वस्ताचं हरकत नसल्याचं शपथपत्र जोडायचं. हे शेवटचं ताईंकडून आत्ताच घ्यायला हवं. पुढे त्या लेकीकडे राहायला गेल्या की एका सहीसाठी महिना जाईल. घटनेत राजीनामा कुणाकडे द्यायचा ते लिहिलंय, तेही एकदा पाहून घ्यायला सांग.

मग बँक. सह्यांच्या बदलाचा ठराव, नव्या माणसाची केवायसी, आणि ताईंनी आधीच सही करून ठेवलेले कोरे चेक असतील तर ते आडवी रेघ मारून रद्द करून फाइलला लावायचे. आयकर पोर्टलवर मुख्य संपर्क म्हणून ताईच आहेत, त्यामुळे ओटीपी त्यांच्या मोबाइलवर जातो. ऐन विवरणपत्राच्या आठवड्यात त्या प्रवासात असल्या की काय होतं ते आपण पाहिलंय. स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीच्या सरकारी दर्पण पोर्टलवरही त्यांचं नाव आहे. परदेशी देणग्यांची नोंदणी असल्यामुळे पदाधिकारी बदलले की एफसी-6ई हा अर्ज भरावा लागतो, तो बहुधा सगळेच विसरतात.

भेटवस्तूवरून सभेत चांगलीच खडाजंगी झाली. काहींना संस्थेच्या खात्यातून मोठी भेट द्यायची होती. भावना खरी आहे, पण आयकर कायद्यात विश्वस्त आणि त्यांचे नातेवाईक विशिष्ट व्यक्तींत मोडतात. न्यासाचा पैसा त्यांच्या फायद्यासाठी गेला तर तेवढ्या रकमेवरची करमाफी जाते आणि 2022च्या दुरुस्तीनंतर तिच्यावर 30 टक्के दराने कर लागतो. लेखापरीक्षकाला त्याच्या अहवालात अशा व्यक्तींचा तपशील द्यावाच लागतो. ज्या बाईंनी हिशेबाची एकेक ओळ जपली त्यांच्याच भेटीवर शेरा यावा? सभासदांनी आपापल्या खिशातून वर्गणी काढावी, खात्याला हातही लावू नये. हे शेवटी पटलं सगळ्यांना.

त्यांच्या नावाने निधी काढायची कल्पना मला आवडली. पण देणगीदाराने 'कायम निधीसाठी' असं लेखी दिलं तरच ती रक्कम कायम निधीत धरता येते, आणि ती कायद्याने मान्य केलेल्या गुंतवणुकीतच वेगळी ठेवावी लागते. 2000 रुपयांवरची रोख देणगी देणगीदाराला आयकरात वजावटीला चालत नाही. त्यामुळे समारंभात टेबल मांडून नोटा गोळा करू नयेत, पावतीपुस्तकात एक वेगळा रकाना आखून घ्यावा.

'मानद सल्लागार' करायचं म्हणतात. करा, पण इतिवृत्तात त्यांचं नाव 'निमंत्रित' खाली घाला, मतदानात नको, गणपूर्तीत नको. आणि बोलवा ते खरोखर विचारायला बोलवा.

समारंभाचं फारसं सांगण्यासारखं नाही. तीनच वक्ते, आणि ताईंचं भाषण शेवटी नको. शेवटी लोक चपला शोधायला लागतात.

तुझ्या बदलीचं काय झालं? मुलीचा निकाल लागला असेल ना, तिला शाबासकी सांग. आईंना नमस्कार. घराचं तू मागे लिहिलं होतंस, त्यावर सविस्तर पुढच्या पत्रात.

एक काम मात्र लगेच कर. भाडेपट्ट्याच्या त्या सभेची सूचना आणि हजेरीपट आमच्या वहीत नाही, पान फाटलंय. तू तेव्हा चिटणीस होतास, एक प्रत तुझ्याकडे असणारच, निळ्या फाइलमध्ये बघ. स्कॅन नको, फोटो पुरेल, पण तारीख आणि ताईंची सही नीट दिसली पाहिजे. मसुदा त्या कागदावाचून अडला आहे.

तुझाच