बाळू, जॉइन होण्याआधी हे वाच

बाळू,

सकाळी निघताना मी तुझ्याशी धड बोलले नाही. राग अजून आहेच. काल जेवताना हसत म्हणालास ना, दोन पट्टे दिले की कसलाही चोर पोपटासारखा बोलतो, ते काही डोक्यातून जात नाहीये. पप्पा तर तेव्हापासून टीव्ही लावून गप्प बसलेत.

हवालदाराचा पोरगा फौजदार झाला, नाशिकच्या परेडचा फोटो मी अख्ख्या भावकीला पाठवलाय, वन्संना तर दोनदा. पण कुणावर हात उचलू नकोस रे.

पोलीस लाइनीतले समोरचे काका आठवतात? डीबीला होते, चोऱ्यांचा तपास करणाऱ्या पथकात. साहेब तोंडी म्हणाले, जरा नीट विचारपूस कर, आणि पकडून आणलेलं ते पोरगं रात्रीतच गेलं. मग साहेब म्हणे मी ठाण्यात नव्हतोच. काका सस्पेंड, काकूंच्या पाटल्या वकिलाच्या घशात, आणि तारखेला जाताना त्या धाकटीला आपल्याकडे सोडायच्या, तू तिला लोणच्यातली फोड काढून द्यायचास. मेलेल्या पोराची आई पण तिथेच यायची, कोर्टात बाकडं एकच, दोघी त्याच्या दोन टोकांना बसायच्या म्हणे.

आता साहेब तू आहेस. तू नुसतं म्हणशील आणि कुणाचे तरी पप्पा काठी उचलतील, हेच मला खातंय.

सांगलीत २०१७ ला काय झालं, कोठडीत मेलेल्या पोराला आंबोलीत नेऊन जाळलं आणि वर सांगितलं की पळून गेला. आरोपीत फौजदारच होता ना? परभणीचा तो लॉ शिकणारा पोरगा कोठडीत गेला तर त्याची आई हायकोर्टात गेली, २०२५ मध्ये कोर्टाने गुन्हा नोंदवायला लावला, सुप्रीम कोर्टातही तेच टिकलं. आया सोडत नाहीत बाळू. अटकेच्या नियमांचा तो सुप्रीम कोर्टाचा डी. के. बसूचा १९९६ चा निकाल तूच मोठ्याने घोकायचास, अटकेचा मेमो, घरच्यांना कळवणं, दर ४८ तासांनी मेडिकल, मला पण पाठ झालं होतं.

झालं माझं लेक्चर सुरू. सॉरी. बारावी नापास बाई तुला काय कायदा शिकवणार. चोरीच्या मालाच्या रिकव्हरीसाठी वरून प्रेशर येतं, बंदोबस्तात झोप मिळत नाही, डोकं फिरतं, सगळं कळतं मला, पप्पांचं बघितलंय की. तरी हात नको.

लाडू बॅगेत खालच्या कप्प्यात आहेत. आणि वरचा कुणी तोंडी सांगायला लागला तर म्हणावं, सर, स्टेशन डायरीला नोंद करतो, मग बघू परत सांगतो का.

आई