एका मताने गेलेले सरकार

संपादक महोदय,

आघाडी सरकारांचा विषय निघाला की मला इटलीचे माजी पंतप्रधान रोमानो प्रोदी आठवतात. मे १९९६ मध्ये त्यांचे सरकार आले, तेही कम्युनिस्टांच्या बाहेरून मिळालेल्या पाठिंब्यावर. जनतेवर खास ‘युरो कर’ लावून त्यांनी तूट आटोक्यात आणली आणि इटलीला युरोच्या पहिल्या ११ देशांत बसवले. ही कामगिरी लहान नव्हती! तरीही अर्थसंकल्पावरून त्याच कम्युनिस्टांचे नेते फाउस्तो बेर्तिनोत्ती यांनी पाठिंबा काढला आणि ९ ऑक्टोबर १९९८ रोजी विश्वासदर्शक ठराव ३१२ विरुद्ध ३१३ मतांनी पडला. अवघे एक मत! जर्मनीत अविश्वास ठरावाने चान्सलरला हटवायचे तर त्याच वेळी उत्तराधिकारी निवडावा लागतो. इटलीत तशी अट नाही, हे मला फार खटकते. प्रोदींचे दुसरे सरकारही जानेवारी २००८ मध्ये सिनेटमध्ये कोसळले.

– एक वाचक, सातारा